मदत हवी आहे : चॅनल विंगचा काठ पंख्याला घासतोय

मंडळी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकन संशोधक विलार्ड कस्टरच्या धर्तीवर चॅनल विंग करतोय. म्हणजे अर्धगोल पन्हळीसारखा पंख, त्याच्या मागच्या काठाला प्रॉपेलर. तो पन्हळीतून हवा खेचतो, म्हणून विमान जवळजवळ जागेवर असतानाही उचल मिळते. कस्टरचं सीसीडब्ल्यू-५ हे विमान १९५३ साली उडालंही होतं.

आमची मापं: १० बाय ४.५ इंची प्रॉप, म्हणजे प्रॉपेलर (व्यास २५४ मिमी), पन्हळीचा आतला व्यास २६२ मिमी, म्हणजे टोकाला ४ मिमी फट. २२१२ मापाची मोटर, ३एस (तीन सेलची) बॅटरी. कवच ३ मिमी डेप्रॉनचं (हलका फोम), बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) चार फासळ्यांवर.

अडचण अशी की ७० टक्के थ्रॉटलच्या पुढे आतल्या कमी दाबाने काठच आत ओढला जातो. आधी टर्रर्र आवाज, मग प्रॉपच्या टोकांना पांढरा भुगा. फट ८ मिमी केली तर घासत नाही, पण उचल चांगलीच पडते. तो मार्ग नको. काठावर २ मिमी कार्बन रॉड वाकवून बसवावा, की आतून ग्लास कापडाचा एक थर द्यावा? मुंबईच्या दमट हवेत बाल्सा आधीच वाकडा होतो, हेही धरा.

दुसरं, उचल मोजताना पंख ८ अंशांवर आहे. प्रॉपच्या ८०० ग्रॅम थ्रस्टचा (रेट्याचा) उभा घटकच १११ ग्रॅम होतो, तो वजा करतो. तरी लॅबच्या बंद खोलीत आकडे मिनिटाभरात सरकतात. हवा भिंतीवरून फिरून परत येते, असा संशय आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) तापून सरकतोय की खोलीच दोषी, हे वेगळं कसं काढायचं?