‘स्वयंप्रतिरक्षा’ म्हणजे स्वतःचं रक्षण की स्वतःवर हल्ला?

जिज्ञासू: ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते, त्या आजाराच्या) रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. माझा खर्डा असा: ‘ड जीवनसत्त्व-ग्राहकांच्या संकेतनामुळे स्वयंप्रतिरक्षी यकृतदाहात रोगप्रतिकारशक्ती सुधारते.’ घरी वाचून दाखवलं, तर पहिलाच प्रश्न आला, “हे ग्राहक कोण? गोळ्या विकत घेणारे का?”

शब्दवेल्हाळ: ‘ग्राहक’ काढाच, ‘ग्राही’ घ्या (रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं संदेश झेलणारं प्रथिन). ‘संकेतन’ कोरडं आहे, पण चुकीचं नाही. मी ‘निरोप’ सुचवणार होतो, कारण पेशीला निरोप पोचतो हे चटकन कळतं. मात्र ‘ड जीवनसत्त्वाचा निरोप’ वाचून कुणी गोळ्यांचाच निरोप घ्यायचा! ‘संदेश’ बरा.

खरी अडचण ‘स्वयंप्रतिरक्षे’ची आहे. स्वयंपाक, स्वयंसेवक, स्वयंरोजगार या सगळ्यांत ‘स्वयं’ म्हणजे ‘आपण होऊन’, ‘आपल्या आपण’. त्या चालीवर ‘स्वयंप्रतिरक्षा’ म्हणजे स्वतःच स्वतःचं रक्षण करणं. म्हणजे नेमका उलटा अर्थ! ‘स्वविरोधी प्रतिरक्षा’ का नको?

जुना पॅथॉलॉजिस्ट: ‘स्वविरोधी’ आवडला. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांचं मत होतं की शरीर स्वतःविरुद्ध जाणं टाळतं. त्यासाठी त्यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असा भारदस्त लॅटिन शब्दप्रयोग केला होता.

पण माझा आक्षेप ‘शक्ती सुधारते’ला आहे. या आजारात शक्ती कमी पडलेली नसते. टी-पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) यकृतालाच परकं समजून मारा करत असतात, म्हणून तर स्टेरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिन देऊन प्रतिकार दाबावा लागतो. तिथे ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असं छापलंत तर शहाणा रुग्ण विचारेल, मग मी ते घेऊ कशाला?

ड जीवनसत्त्वाचं काम दुहेरी आहे. जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशींमध्ये ते कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन वाढवतं, म्हणजे तिथे खरंच बळ देतं. टी-पेशींच्या बाबतीत मात्र ते वेसण घालतं: दाह भडकवणारे इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-१७ कमी, आणि प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना चालना. दोन्हींना मिळून ‘शक्ती’ म्हणता येत नाही. ‘प्रतिरक्षा-प्रतिसादाचं नियमन’ म्हणा. जड आहे, पण खोटं नाही.

जिज्ञासू: ‘वेसण’च घेते, नियमनापेक्षा. पण तो संदेश पोचतो कसा? ‘ग्राही’ कुठे बसलेला असतो?

जुना पॅथॉलॉजिस्ट: पेशीच्या आत. ड चं सक्रिय रूप, म्हणजे कॅल्सिट्रायॉल, ग्राहीला चिकटतं. मग तो ग्राही दुसऱ्या एका ग्राहीशी जोडी जमवून डीएनएवर बसतो आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे बदलतो. कावेबाज तपशील असा की लिथोकोलिक आम्ल हे पित्ताम्लही त्याच ग्राहीला चिकटू शकतं. ‘ड जीवनसत्त्व ग्राही’ हे नावसुद्धा पूर्ण खरं नाही.

शब्दवेल्हाळ: मग ‘जीवनसत्त्व’ तरी खरं आहे का? अन्नातूनच मिळावं लागतं ते जीवनसत्त्व. हे तर उन्हात त्वचा स्वतः बनवते. १९२२ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम यांनी अ, ब, क नंतर रिकामं असलेलं अक्षर दिलं, इतकंच.

जुना पॅथॉलॉजिस्ट: बरोबर, वागणुकीने ते संप्रेरकच (हार्मोन). त्वचेत तयार झालं की यकृतात पहिला बदल, मूत्रपिंडात दुसरा. (काही प्रतिकारपेशीही हा दुसरा बदल स्वतःच करून घेतात.) रक्ततपासणीत मोजतात ते यकृतातलं रूप. म्हणून पत्रकात एक गोष्ट जपून लिहा: या रुग्णांत ड कमी आढळतं, पण ते कमी असल्याने आजार झाला की यकृत बिघडल्याने ते कमी झालं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. पित्तनलिकांच्या आजारात पित्त नीट वाहत नसेल तर मेदात विरघळणारं हे जीवनसत्त्व आतड्यात शोषलंही जात नाही. ‘मुळे’ हा प्रत्यय फार महागात पडतो.

वाचनमात्र: एक शंका. ‘यकृतदाह’ लोकांना कळतो का? हिपॅटायटिस म्हटलं की आपल्याकडे थेट ‘कावीळ ब’ म्हणतात. आत्याला हा आजार निघाला, तेव्हा घरातल्यांनी तिचा पेला वेगळा ठेवला होता.

जुना पॅथॉलॉजिस्ट: कावीळ हे लक्षण, आजार नव्हे. आणि हा आजार संसर्गाचा नाही, तो पेल्यातून पसरत नाही. हे वाक्य पत्रकात सगळ्यात वर हवं, माझ्या पेशीविद्येच्या आधी.

जिज्ञासू: वर घेतलं. नवा खर्डा: ‘हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. यात शरीराची संरक्षण-यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते. ड जीवनसत्त्वाचा संदेश या यंत्रणेच्या काही पेशींना वेसण घालतो. पण ते तुमच्या औषधांची जागा घेत नाही.’ ‘उलटते’ लिहिल्यावर ‘स्वविरोधी’ही लागलं नाही, माफ करा.

शब्दवेल्हाळ: माफ केलं. ‘ड जीवनसत्त्व’ की ‘जीवनसत्त्व ड’, त्यासाठी वेगळा धागा काढा.