थंडीत अंगणातल्या पक्ष्यांना जिवंत अळ्या घालाव्यात का?

मूळ धागा:
बर्फ पडायला लागला की लोक दाण्यांचे फीडर टांगतात. पण ज्यांची चोच दाणे फोडण्याची नाहीच, त्यांनी काय खायचं? रॉबिन, रेन या युरोपातल्या छोट्या, किडे खाणाऱ्या पक्ष्यांची चोच बारीक, चिमट्यासारखी. जमीन गोठली की गांडुळं खोल जातात, किडे सालीखाली नाहीतर पालापाचोळ्यात दडतात. चरायला दिवसाचे जेमतेम आठ तास, आणि पुढे सोळा तासांची रात्र. कडाक्याच्या एका रात्रीत लहान पक्ष्याचं वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं. सकाळी ते भरून काढता आलं नाही, तर पुढची रात्र निघणं कठीण.

म्हणून मी गेले तीन हिवाळे जिवंत मीलवर्म ठेवते. (नावात 'वर्म' असलं तरी हे कृमी नव्हेत, पिठा-धान्यात होणाऱ्या काळ्या भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत.) जिवंतच का? एक तर त्यांच्यात साधारण साठ टक्के पाणी असतं. आजूबाजूचं सगळं पाणी गोठलेलं असताना पक्ष्याला बर्फ गिळून तो स्वतःच्या अंगाच्या उबेने वितळवावा लागतो. दुसरं म्हणजे अळी हलते, म्हणून नजरेला पडते. वाळलेल्या अळ्या ठेवून पाहिल्या, तर आमच्याकडचा रॉबिन आठवडाभर तिकडे फिरकला नाही. कडक थंडीत हे करावंच असं माझं मत आहे. तुमचं?

प्रतिसाद १:
असहमत. तुमची कळकळ कळते, पण चार पक्षी एका ताटलीवर आणणं म्हणजे रोगाला बोलावणं आहे. ट्रायकोमोनास नावाचा परजीवी पक्ष्याच्या घशात वाढतो, गिळणं बंद होतं आणि समोर खाणं असताना पक्षी उपाशी मरतो. लाळेने खराब झालेल्या अन्नापाण्यातून तो पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाचे पक्षी या रोगाने इतके मेले की २०२१ मध्ये ही जात धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. २०२५ मध्ये आरएसपीबी या तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने पक्ष्यांना खाणं ठेवायच्या सपाट बर्ड टेबलांची विक्रीच थांबवली. तुमची ताटली सपाटच आहे ना?

प्रतिसाद २:
वरच्या मुद्द्यातला रोग खरा आहे, पण ग्रीनफिंच थव्याने दाणे खाणारा पक्षी. रॉबिन हिवाळ्यातही आपली हद्द राखतो, दुसऱ्या रॉबिनला शिरू देत नाही. त्याच्यासाठी झुडपापाशी ठेवलेली मूठभर अळ्यांची वाटी आणि पन्नास पक्ष्यांचं टेबल यांना एकाच मापाने मोजू नका.

शिवाय उपयोग होतो याला आधार आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ब्रिटिंगहॅम आणि टेंपल या संशोधकांनी चिकडी या लहान पक्ष्यांचा अभ्यास केला, १९८८ चा. जिथे खाणं ठेवलं होतं तिथे ६९ टक्के पक्ष्यांनी हिवाळा काढला, जिथे नव्हतं तिथे ३७ टक्क्यांनी. फरक पडला तो मुख्यतः हाडं गोठवणाऱ्या थंडीच्या महिन्यांत. पुढे १९९२ मध्ये त्यांनीच दाखवलं की वर्षानुवर्षं फीडरवर येणाऱ्या चिकडींचं खाणं काढून घेतलं, तरी त्या इतरांइतक्याच तगल्या. म्हणजे 'सवय लागते, पक्षी आळशी होतात' हे तिथे तरी दिसलं नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा):
तो अभ्यास सूर्यफुलाच्या बियांचा आहे, अळ्यांचा नाही. आणि चिकडी बियाही खाते, किडेही. त्यावरून रेनबद्दल बोलणं ही उडी फार लांब झाली.

प्रतिसाद २:
हे मान्य. अळ्यांसाठी तो आकडा वापरायला नको होता.

प्रतिसाद ३:
माझी अडचण वेगळी आहे. ताटली कोणासाठीही ठेवा, जिंकतो दांडगा. स्टार्लिंगचा (साळुंकीच्या कुळातला पक्षी) थवा उतरला की पाच मिनिटांत वाटी साफ, आणि रेन झुडपातून बघत राहते. ग्रेट टिट, ब्लू टिट या लहान पक्ष्यांना फीडरचा फायदा होतो आणि तेच आपल्याच कुळातल्या बुजऱ्या विलो टिटला हुसकतात, तिची घरटी बळकावतात. आपण एकाला जगवतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याचं काय होतं?

आणि अळ्या विकत आणणारेच शरद ऋतूत अंगण झाडून चकाचक करतात, हे मला खरंच सलतं. वाळके दांडे, पडलेली पानं, कुजका ओंडका यांतच कोष, अंडी, कोळी हिवाळा काढतात. रेनचं कोठार तेच. आपण ते पोत्यात भरून टाकतो आणि मग वाटी घेऊन उभे राहतो. आधी झाडू ठेवा.

प्रतिसाद ४:
अळीबद्दल कोणीच बोललेलं नाही. तीही जीव आहे. गुळगुळीत भांड्यात, जिथून चढून निसटताही येत नाही, तिथे तिला गोठायला किंवा टोचली जायला ठेवणं मला जमत नाही. जंगलात पक्षी अळी खातोच, पण तिथे तिला लपायला जागा असते.

मूळ धागाकर्ती:
प्रतिसाद ४, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी रॉबिनची बाजू घेतली आहे, एवढंच प्रामाणिकपणे म्हणेन.

बाकी बदल करते. स्टार्लिंग शिरणार नाही अशी जाळी वाटीभोवती लावते. वाटी रोज गरम पाण्याने धुऊन वाळवते आणि जागाही बदलत राहते. पारा गोठणबिंदूच्या वर असेल त्या दिवशी काहीच ठेवणार नाही. पिल्लांच्या दिवसांत तर नाहीच: या अळ्यांत कॅल्शियम अगदी कमी, फॉस्फरस बराच जास्त, आणि पिल्लांची हाडं तेव्हाच घडत असतात. प्रतिसाद ३ मध्ये म्हटलंय तसा कुंपणाकडचा पालापाचोळा आजपासून हलवत नाही.

प्रतिसाद १:
जाळी आणि रोजची धुलाई असेल, तर माझा विरोध निम्मा. पण सुस्त, पिसं फुगवून बसलेला एकही पक्षी दिसला तर लगेच बंद करा, आणि पुन्हा सुरू करायची घाई नको.