मदत हवी आहे: घड्याळ म्हणतं २९०० कॅलरी, फोन म्हणतो ४६००. कोणता आकडा धरू?

रानवाट: सायकलवर पुणे-महाबळेश्वर राईड केली. घड्याळात २९०० कॅलरी जळल्या, फोनवर ४६००. खाल्लेलं सगळं नोंदवलंय, ते १३०० भरतं. पसरणी घाटात पायातला जीवच गेला, हात थरथरायला लागले. रविवारी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) आहे. किती खायचं ते त्याआधी ठरवायचंय. लवकर सांगा प्लीज.

पेडलकर: वजन किती? ठोके मोजायला छातीचा पट्टा होता की नुसतं मनगटावरचं घड्याळ? वेळ किती लागला? चढाई?

मधुरा_क: वजन उतरवायचं असेल तर आकडे सोडा आणि रात्रीचा भात बंद करा. मला त्याचाच फायदा झाला.

रानवाट: वजन उतरवायचं नाहीये हो. ७८ किलो आहे. मनगटावरचं घड्याळ, हायब्रिड सायकल, थांबे सोडून साडेसात तास. चढाई १७०० मीटर.

नाना_वाई: पसरणी भर उन्हात चढलात का? आम्ही उजाडता उजाडता सुरूर फाटा सोडायचो. आणि खंबाटकीत ट्रक फार असतात, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

पेडलकर: तुम्ही, सायकल, पाणी मिळून ९५ किलो धरू. एवढं ओझं १७०० मीटर वर न्यायला साधारण १६०० किलोज्यूल काम होतं. शरीर खाल्लेल्यातलं २०-२५ टक्केच पेडलवर उतरवतं आणि एक कॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे पेडलवरचे किलोज्यूल आणि जळलेल्या कॅलरी जवळपास सारख्याच येतात. म्हणजे नुसत्या चढाईच्या १६००, बाकी वारा आणि रस्ता. २९०० पटतंय. फोनवर राईडचं पान बघताय की दिवसाचं?

रानवाट: दिवसाचं. 'टोटल' लिहिलंय.

पेडलकर: मग त्यात दिवसभर नुसतं जगायला लागणाऱ्या १७०० मिसळल्यात. राईडचे २९०० धरा, तेही थोडे खालीवर.

तूपभाकर: एवढं मोजायचंच कशाला? शरीराला चरबी जाळायची सवय लावा. सकाळी कॉफीत चमचाभर साजूक तूप, मग दुपारपर्यंत काही लागत नाही.

घाटकरी: सपाटीवर चालेल, घाटात नाही. जोर लागला की स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, मागतात. त्याचा साठा ४००-५०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २००० कॅलरी. रानवाट, ते १३०० खाल्ले कधी?

रानवाट: निघताना पोहे-चहा. सुरूरला मिसळ, तीन पाव. मधे एक केळं. पाण्यात ओआरएस होतंच.

घाटकरी: म्हणजे घाटाच्या तोंडाशी तर्री! तेल पोटात तसंच बसून राहतं. आणि ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, ५४ कॅलरी फक्त. ते मिठासाठी घ्यायचं. जळलेलं सगळं भरून काढायला जाऊ नका, पोट तेवढं घेतच नाही. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे २४० कॅलरी, पहिल्या अर्ध्या तासापासून. दोन केळी आणि बिया काढलेले दोन खजूर झाले की भागलं. घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावा, भुकेची वाट बघू नका.

तूपभाकर: बीआरएमच्या साडेतेरा तासांच्या मर्यादेत इतकी साखर? ही सवय चांगली नाही.

घाटकरी: पेडल मारताना ती तिथल्या तिथे जळते. एरवीच्या दिवशी तुमचं बरोबर आहे.

मधुरा_क: साबुदाण्याच्या खिचडीची नोंद कशी करता? माझ्या ॲपमध्ये दरवेळी वेगळाच आकडा येतो.

पेडलकर: कच्चा साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप वेगवेगळं वजन करून टाका. वाटीच्या मापावर जाऊ नका.

रानवाट: सारखं गोड खाऊन मळमळतं. ग्लुकोज पावडर ओआरएसमध्येच ढवळली तर?

घाटकरी: नको, ओआरएसचं प्रमाण बिघडतं. दुसऱ्या बाटलीत वेगळी घ्या. गोड नको झालं की उकडलेला बटाटा मीठ लावून, नाहीतर इडली. आणि शनिवारी सकाळी दोन तासांची राईड करून हे सगळं एकदा पोटाला दाखवा, थेट रविवारी नको.