मुख्याध्यापक व्हायचं तर ऑनलाइन मास्टर्स कुठून करावं? (बजेट चाळीस हजार)

घणसोलीची_बाई
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेत अकरा वर्षं इंग्रजी आणि समाजशास्त्र शिकवतेय. बीए, बीएड. दोन वर्षांपासून पर्यवेक्षिकेचं कामही माझ्याच गळ्यात आहे, पगार मात्र शिक्षिकेचाच. आमची संस्था नवी मुंबईत सीबीएसईची शाळा काढतेय आणि मी तिथे अर्ज करावा असं सेक्रेटरी सर दोनदा बोलले. मास्टर्स हवं म्हणतात. नोकरी सोडता येणार नाही, मुलं चौथीत आणि पहिलीत, शनिवारी अर्धा दिवस शाळा. अभ्यास होईल तो ठाणे-वाशी लोकलमध्ये आणि रात्री दहानंतर. सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर जाणार नाही. कुणी केलंय का? काय घ्यावं?

तलावपाळी_७१
ऑनलाइन एमबीए करा, डोळे मिटून. माझ्या मिसेसनी केलं, एज्युकेशन मॅनेजमेंट घेऊन. एक लाख साठ हजार, पण हप्ते मिळतात, महिन्याला कळतही नाही. लेक्चर्स रेकॉर्डेड, अ‍ॅप मस्त, परीक्षा घरी बसून कॅमेऱ्यासमोर. आज ती घोडबंदरच्या एका शाळेत अ‍ॅडमिन हेड आहे. स्वस्तातलं करून पस्तावण्यापेक्षा एकदाच चांगलं करावं.

ऋता_खारघर
बाईंनी चाळीस हजार लिहिलंय हो काका.

तलावपाळी_७१
वाचलं. बजेट वाढवता येतं.

ऋता_खारघर
मी इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) एमए एज्युकेशन केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. कुठलाही पदवीधर चालतो. किमान दोन वर्षं, कमाल चार. प्रवेश जानेवारी आणि जुलैत, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात. सत्तर टक्के परीक्षेचे, तीस टक्के स्वाध्यायांचे. दुसऱ्या वर्षी विशेष विषयांचा गट निवडता येतो, त्यात शैक्षणिक व्यवस्थापन आहे. तुम्हाला तोच घ्यावा लागेल. लघुशोधप्रबंध आहे, तो शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. फी, परीक्षा शुल्क, पोस्ट, झेरॉक्स सगळं धरून माझे पंचवीसच्या आत आटोपले.

आणि घरी शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्या. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला मी जेवढे दिले तेवढ्यात प्रिंटर आला असता. शेवटी घेतलाच, आता मुलांच्या प्रोजेक्टला चालतो.

गुरुजी_कोपरी
इग्नू +१. आमच्या शाळेतल्या दोघांनी केलं. इग्नूच करा.

पण खरं विचाराल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आधी करा. मराठीत आहे आणि आपल्या शाळांचं कामकाज त्यात येतं. आमच्या पिढीतले निम्मे मुख्याध्यापक तीच करून बसलेत.

कळव्याचा_पूल
गुरुजी, ती पदविका आहे, पदवी नव्हे. बाईंना मास्टर्स हवंय. आणि मास्टर्सच करायचं तर एमएड करा ना! एमए एज्युकेशनला कोण विचारतं?

ऋता_खारघर
एमएड ऑनलाइन होत नाही. एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) नियमांत ते वर्गात बसून करायचं आहे. कुणी 'ऑनलाइन एमएड' विकत असेल तर चार हात लांब राहा. आणि एमएडचा खरा उपयोग अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर.

कळव्याचा_पूल
माझ्या मेव्हणीने पत्राने केलंय एमएड.

ऋता_खारघर
कधी?

कळव्याचा_पूल
झाली असतील पंधरा-वीस वर्षं. पण केलंय.

निवृत्त_मुअ
सगळे पदवीच्या मागे लागलेत म्हणून नियम सांगतो. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. माध्यमिक शाळेच्या प्रमुखाला नियम ३ प्रमाणे पदवी, बीएड आणि पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यातली दोन वर्षं बीएडनंतरची. मास्टर्सचा उल्लेख नाही! पुढे सेवाज्येष्ठता यादी. जो यादीत वर, तो खुर्चीत. मी स्वतः बीएससी बीएडवर नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. आमच्या शाळेतल्या एका डबल एमए सरांना माझ्या निवृत्तीची वाट बघावी लागली आणि नंतर ते स्वतः आठ महिन्यांत निवृत्त झाले.

अल्पसंख्याक संस्थेला प्रमुख निवडायची मोकळीक आहे, ते वेगळं.

पाचपाखाडी_प
काका, ते अनुदानित शाळांचं. विनाअनुदानितमध्ये ट्रस्टींना वाटेल तो मुख्याध्यापक.

निवृत्त_मुअ
चूक. कायदा अनुदान मिळो न मिळो, सगळ्या खासगी शाळांना लागू आहे. कलम ३ वाचा. पाळतात किती, हा निराळा प्रश्न.

पाचपाखाडी_प
तेच म्हणतोय ना मी.

गुरुजी_कोपरी
जाता जाता: अनुदानित असाल तर निवडश्रेणीसाठी (वरची वेतनश्रेणी) अर्हता वाढवावी लागते, तिथे एमए कामाला येतं. पण तीही वीस टक्केच पदांना. माझी अजून अडकलीय, त्यावर एक वेगळा धागा काढतो.

मुलुंडहून_जर्सी
माझी वहिनी इकडे अमेरिकेत व्हाइस प्रिन्सिपल आहे. तिने एज्युकेशनल लीडरशिपचं मास्टर्स पूर्ण ऑनलाइन केलं. इकडे ते फार कॉमन आहे. पण पदवी मिळाली की खुर्ची मिळाली असं नाही, राज्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी शाळेत प्रत्यक्ष इंटर्नशिप करावी लागते. तिने आपलीच शाळा सांभाळत ते तास भरले. घणसोलीताई, तुम्ही इकडच्याच एखाद्या युनिव्हर्सिटीचं का नाही करत?

ऋता_खारघर
चाळीस हजार रुपये. डॉलर नव्हेत.

घणसोलीची_बाई
😀 सगळ्यांचे आभार. तलावपाळीकाका, दीड लाख खरंच नाहीत, या वर्षी घराचा मेंटेनन्सच वाढलाय. निवृत्तसर, तुमचं वाचून जरा धीर आला, पण ही शाळा सीबीएसईची असणार. त्यांना मास्टर्स कुठल्या विषयात लागतं?

पाचपाखाडी_प
सीबीएसई प्रिन्सिपलच्या जाहिराती उघडून बघा. सगळीकडे 'पदव्युत्तर पदवी अधिक बीएड अधिक अनुभव' असंच असतं. एज्युकेशनमध्येच हवी असं मी तरी वाचलेलं नाही.

फसलेला_दिवेकर
माझं ऐका आणि मग काय ते करा. चार वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनजवळच्या एका 'अ‍ॅडमिशन सेंटर'मध्ये बावीस हजार भरले. परराज्यातलं विद्यापीठ, 'एका वर्षात दोन वर्षांचं उरकून देतो, पेपरची चिंता करू नका'. मी मूर्ख, चिंता केली नाही. सेंटरच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. गुणपत्रिका माझ्याकडे आहे, सोनेरी शिक्क्याची, भिंतीवर छान दिसेल.

तेव्हा विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची, त्या सत्रासाठी मान्यता आहे का ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, साइटवर स्वतः बघायचं. विद्यापीठ मान्य असून तो एक कोर्स मान्य नाही, असंही होतं. आता प्रवेशाआधी डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या सरकारी खात्याचा नंबर) लागतो. 'आयडीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

तलावपाळी_७१
म्हणूनच म्हणतो, नामांकित ठिकाणी पैसे टाका.

कळव्याचा_पूल
ऑनलाइन डिग्रीला मुलाखतीत हसतात.

ऋता_खारघर
हसू देत. मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांना समकक्ष आहेत, यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. प्रिंट काढून फाइलला लावा. प्रिंटर असला की बरं पडतं.

वाशीची_मॅडम
मी सध्या त्या खुर्चीत आहे. बाई, नीट विचार करा. लोकांना वाटतं मुख्याध्यापक म्हणजे केबिन आणि घंटी. दिवस कसा जातो सांगू? सकाळी बसचा मामा आला नाही. दहा वाजता यूडायसमध्ये (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) एका मुलाचं आधार जुळत नाही. आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतल्या पालकांची वेगळी फाइल. दुपारी एक आई, मुलाला बाकावर कुणाशेजारी बसवलं यावरून. चारला ट्रस्टी, फी किती थकली विचारायला. मी गणिताची. गेल्या वर्षी एकही तास घेतला नाही आणि मार्चमध्ये दहावीची मुलं पेपर देऊन आली तेव्हा मला त्यांतल्या निम्म्यांची नावं येत नव्हती.

यातलं एमएच्या कुठल्या पेपरात होतं? कायद्याचा आणि हिशेबाचा थोडा उपयोग झाला. बाकी आमच्या हेडक्लार्कने शिकवलं. त्यांना चहा पाजत राहा.

शाळा चालवण्याबद्दल शिकायचंच असेल तर दिल्लीच्या नीपाचं (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था) शालेय नेतृत्व केंद्र आहे, त्यांचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. तो आधी करून बघा, आवडतंय का कळेल.

गुरुजी_कोपरी
मॅडमशी सहमत. हेडक्लार्क महत्त्वाचा. (आणि इग्नू करा.)

पाचपाखाडी_प
सीबीएसईत प्रिन्सिपल म्हणतात, मुख्याध्यापक नाही.

निवृत्त_मुअ
काम तेच. सही तीच.

घणसोलीची_बाई
उशिरा लिहितेय, मधे पहिली चाचणी होती. सोमवारी सेक्रेटरी सरांना सरळ विचारलं. त्यांना पदव्युत्तर पदवी हवी, विषय कुठलाही. मग मी इग्नूचंच एमए घेतलं, पण इंग्रजीचं. व्यवस्थापनाचं नाही.

ऋता_खारघर
अहो! ते इंग्रजीचं एमए लोकलमध्ये होण्यासारखं नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या कविता आहेत त्यात. माझ्या जावेचे दोन पेपर तीन वेळा राहिले.

तलावपाळी_७१
मग आम्ही एवढं टाइप कशाला केलं?

घणसोलीची_बाई
कठीण आहे हे माहीत आहे ताई, पुस्तकं चाळली. पण वाशीच्या मॅडमनी नावं येत नव्हती असं लिहिलं ते डोक्यातून जाईना. प्रिन्सिपल झाले तरी अकरावीचा एक तास माझा राहील, अशी अट घालणार आहे. नाही झाले तर वरच्या वर्गांना शिकवेन, पदवी तिथेही चालेल. नीपाचा कोर्स सुरू केलाय, दोन भाग झाले. मिस्टर म्हणतात चाळिसातले उरले ते फ्रिजला.

वाशीची_मॅडम
एका तासाची अट तोंडी ठेवू नका, लेखी घ्या.

निवृत्त_मुअ
आणि सेवापुस्तकात नोंद.

कळव्याचा_पूल
ऋताताई, तो प्रिंटर कुठल्या कंपनीचा? माझा सारखा कागद अडकवतो.