सुअर्ड (अलास्का): बोट कोणती घ्यावी आणि केन्स हेडची ओहोटी कशी पाहावी?

प्रश्न
जुलैच्या पहिल्या आठवड्यात अँकरेजहून सुअर्डला तीन रात्री जायचं ठरतंय. कीनाय फ्योर्ड्स नॅशनल पार्कची (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली अरुंद खाडी) बोट, एक दिवस हार्डिंग आइसफील्ड (विस्तीर्ण बर्फाचं पठार), एक दिवस केन्स हेडचा किनारी ट्रेल असा बेत आहे. बरोबर सत्तरीतले आईबाबा, आणि आईला बोट लागते. चार तासांची फेरी घ्यावी की सहा तासांची? केन्स हेडला ओहोटी बघून जा म्हणतात, पण नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १
चार तासांची बोट रेझरेक्शन बेच्या आतच फिरते. सी ऑटर, सी लायन, पफिन पक्षी दिसतात, कधी हंपबॅक व्हेलही. पण थेट समुद्रात उतरलेला ग्लेशियर (हिमनदी) बघायचा तर सहा तासांचीच हवी, होलगेट किंवा आयालिक ग्लेशियरला जाणारी. माझं मत सहा तासांच्या बाजूने.

बोट लागते ती आयालिक केपला (भूशिराला) वळसा घालताना. तिथे आडोसा संपतो आणि अलास्काच्या आखाताची लाट मोकळी येते. फ्योर्डमध्ये शिरलं की पाणी पुन्हा शांत. मेक्लिझिनची गोळी (आईंच्या डॉक्टरांना विचारून, झोप येते) बोट सुटायच्या तासभर आधी द्या; मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागे. पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त. नजर क्षितिजावर, मोबाइलवर नको.

बुकिंग पहिल्याच दिवसाचं करा. वारा वाढला तर फेरी रद्द होते किंवा बेमध्येच फिरवून आणतात. पुढचे दिवस हाताशी असले तर पुन्हा जाता येतं.

प्रतिसाद २
केन्स हेडबद्दल. लोवेल पॉइंट ते नॉर्थ बीच एका बाजूने साडेचार मैल. पहिले दीड मैल, टॉन्सिना पॉइंटपर्यंत, जंगलातून आहेत. तिथवर कधीही जा. त्यापुढे डर्बी कोव्हपर्यंत वाट म्हणजे किनाराच, आणि भरतीत तो पाण्याखाली जातो.

नोआच्या (NOAA, अमेरिकेची हवामान व समुद्रविषयक सरकारी संस्था) सुअर्डच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची ३ फूट किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच निघायचं, आणि ओहोटीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी लोवेल पॉइंट सोडायचं. लोक फसतात ते इथे: नुसती वेळ बघतात, उंची बघत नाहीत. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. सकाळची उणे १ फुटाची (तक्त्यातल्या शून्य पातळीच्याही खाली) असली तरी संध्याकाळची ४ फुटांची असू शकते, म्हणजे परतीची वाट बंद.

जाऊन येऊन नऊ मैल एकाच ओहोटीत बसवायला जाऊ नका. पुढची ओहोटी साधारण साडेबारा तासांनी येते. तीही ३ फुटांच्या आत नसेल तर परतीची वॉटर टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. पाणी चढताना दिसलं तर पुढे रेटू नका, कड्यावरही चढू नका. टॉन्सिना किंवा डर्बी कोव्ह, जे जवळ असेल ते गाठून थांबा.

आईबाबांना टॉन्सिनापर्यंतच न्या. मात्र जाताना उतार आहे तो येताना चढ होतो.

प्रतिसाद ३
हार्डिंग आइसफील्डचा ट्रेल जाऊन येऊन ८.२ मैल, दर मैलाला साधारण हजार फूट चढ. सहा ते आठ तास धरा. जुलैच्या सुरुवातीला वरच्या भागात बर्फ असतो, त्यामुळे बुटांना चांगली पकड आणि हातात काठ्या हव्यात. सुती कपडे नकोत, भिजले की अंगाची ऊब जाते. आईबाबांना खालचा एक्झिट ग्लेशियरचा छोटा ट्रेल पुरेल. ग्लेशियर कोणत्या साली कुठवर होता त्याच्या पाट्या वाटेत आहेत, त्या बघताना मन हलतं.

बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा) विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. अँकरेजला उतरल्यावर घ्या आणि छातीशी किंवा कमरेला लावा. सॅकच्या तळाशी असलेला वेळेवर हाती येत नाही.

आणि अँकरेजहून येताना वाटेत टर्नअगेन आर्म या खाडीला ओहोटीत उघडी पडलेली सपाट जमीन दिसेल. फोटोसाठीही तिच्यावर उतरू नका. ती ग्लेशियरची बारीक माती आहे, पाय रुतला की आवळून धरते, आणि भरती तिथे फार झपाट्याने येते.