अनुभव धागा: सकाळी कशासाठी उठता?

आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिची औषधं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं यांवरच माझा दिवस बेतलेला असायचा. ती जाऊन चार महिने झाले, तरी पहाटे साडेपाचला जाग येते आणि हात औषधांच्या डब्याकडे जातो. आता कुणासाठी उठायचं, तेच कळेनासं झालंय. अशा पोकळीतून तुम्हाला वाट कशी सापडली, लिहाल का? उपदेश नको, घडलेलं सांगा.

*

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सुरुवात निव्वळ वेळ घालवायला केली होती. एकदा विज्ञानाच्या पुस्तकात तरफेची आकृती आली. आकृती वाचायची कशी? तीनदा रेकॉर्ड करून पुसलं. चौथ्यांदा म्हटलं, "पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेव. पेन्सिल हा टेकू. आता पट्टीचं एक टोक बोटाने दाब." काही दिवसांनी एका मुलीचा निरोप आला, "ताई, दाबून पाहिलं. दुसरं टोक वर येताना हाताला लागलं." तेव्हापासून प्रत्येक आकृती आधी डोळे मिटून मनात चाचपून बघते, मगच बोलते.

*

बायकोच्या आजारपणात अनोळखी माणसांनी प्लेटलेट्स दिल्या. ती वाचली नाही. प्लेटलेट्स फार साठवता येत नाहीत, पाच-सात दिवसच टिकतात, म्हणून देणारी माणसं सतत लागतात. फोन आला की मी जातो. एवढंच.

*

माझं उलट झालं. ध्येय शोधायला म्हणून नोकरी सोडली, वर्षभर वह्या भरल्या, हाती काही लागलं नाही. मग व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्याविषयी वाचलं. १९४२ ते १९४५ ते नाझी छळछावण्यांत होते; आई-वडील, भाऊ, पत्नी, सगळे गेले. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्याचा अर्थ काय, हे आपण विचारायचं नसतं. प्रश्न आयुष्यच आपल्याला घालतं आणि उत्तर वागण्यातून द्यायचं असतं. मी वह्या बंद केल्या. आज तसलीच नोकरी करतोय, पण नवख्यांना शिकवायला रोज अर्धा तास राखून ठेवतो. सकाळपासून त्या अर्ध्या तासाची वाट बघतो.

*

माझं वय २३. अजून काही सापडलेलं नाही आणि घरचे रोज विचारतात. सध्या नुसती वाचतेय.

*

धागा काढणारी मीच. २३ वर्षांच्या मुली, वाचत राहा, मीही तेच करतेय. आणि तरफवाल्या ताई, रेकॉर्डिंगला काय काय लागतं? पहाटे साडेपाचला माझं घर अगदी शांत असतं.