चर्चा: कलाशाखेची पदवी आणि मोडीवर चालणारे पोट

टाकबोरू:
मी इतिहासात बी.ए. केले तेव्हा आमच्या घरात पुढच्या दोनच वाटा ठाऊक होत्या, एक बी.एड. आणि दुसरी स्पर्धा परीक्षा. आज माझा चरितार्थ या दोन्हींवर नव्हे, तर मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या दस्तांच्या लिप्यंतरावर चालतो. जमिनीच्या जुन्या वादातले पक्षकार, त्यांचे वकील आणि माळ्यावर सापडलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, घेऊन येणारी घराणी हे माझे गिऱ्हाईक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या नोंदवह्या बाहेर निघाल्या, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सर्वांनाच कळले. कलाशाखेत तीन वर्षे वाया जातात, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रोखठोक:
आपल्या कष्टांविषयी आदर आहे, परंतु निष्कर्ष पटत नाही. आपल्याला मोडी पदवीने शिकवली की नंतरच्या एखाद्या प्रशिक्षण वर्गाने? अशाच एका वर्गात मी स्वतः बसलो आहे. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते आणि त्यांचे वाचन वर्गात सर्वांत सफाईदार होते. शिवाय ही मागणी एका आंदोलनाने उसळली. नोंदी तपासून झाल्या की ती ओसरणार. माझी भाची यंदा बारावीला आहे. योगायोगाने जमलेल्या एका उदाहरणावर तिची तीन वर्षे लावावीत, असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

टाकबोरू:
वर्ग केला, हे खरे. मात्र वर्गात अक्षरे ओळखायला शिकवतात. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळलेला नसतो, त्यामुळे पुढचे काम तर्काचे असते. गेल्या वर्षी माझ्याकडे वतनाच्या वादातला एक महजर, म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद, आला, सोबत दुसऱ्या कोणीतरी आधी करून दिलेले लिप्यंतर होते. त्यात शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिलेले साल, 'सलास मया व अलफ' असा लावला होता, म्हणजे तीन, शंभर आणि हजार मिळून ११०३, अर्थात इसवी १७०२-०३. पण त्याच कागदात बाजीराव पंडित प्रधान, म्हणजे पहिले बाजीराव पेशवे, यांचा उल्लेख होता आणि बाजीरावांचा जन्म १७०० सालचा! दोन वर्षांच्या मुलाकडे प्रधानकी कशी असेल? कागद उन्हात धरून पाहिला, तर घडीवर विरलेले एक अक्षर दिसले. शब्द 'सलासीन' होता, म्हणजे तीनाऐवजी तीस, सन ११३० आणि इसवी १७२९-३०. सत्तावीस वर्षांची चूक केवळ अक्षरे वाचून सापडली नसती.

दफ्तरी:
मी वकिलाच्या कचेरीत असतो आणि असे काम बाहेर देत असतो, म्हणून दोन शब्द. टाकबोरू यांच्यासारखी शंका घेणारा वाचक मिळाला तर आम्हाला हवाच असतो, पण त्या शंकेचे वेगळे पैसे आम्ही देत नाही. पानामागे ठरलेला दर सर्वांना सारखाच. समोरचा पक्षही लिप्यंतर करणाऱ्याकडे मोडीचे प्रमाणपत्र आहे का एवढेच विचारतो, त्याने पदवीला कोणता विषय घेतला होता हे नाही. बाकी मागणी ओसरेल ही भीती मला फारशी वाटत नाही. आंदोलनापूर्वीही जमिनीचे दावे होतेच, आणि भाऊबंदकी काही कोणत्या समितीच्या मुदतीबरोबर संपत नाही.

रोखठोक:
दफ्तरी यांनी माझेच म्हणणे अधिक स्पष्ट केले. जी गुणवत्ता पदवीतून आली असे आपण मानता, तिला बाजारात दर नाही. 'सलासीन'चे उदाहरण मला मनापासून आवडले, हे कबूल करतो. तरीही बाजीराव केव्हा होऊन गेले हे कळायला बी.ए. लागत नाही, घरात चार पुस्तके वाचलेली असली तरी पुरते. अरबी संख्यांचे कोष्टक तर भिंतीवरही लावता येते.

टाकबोरू:
कोष्टक माझ्याही भिंतीवर आहे. आधीच्या वाचकाकडेही ते असणारच, कारण ११०३ ही बेरीज त्याने अगदी बरोबर केली होती. दराबाबत मात्र दफ्तरी यांच्याशी वाद घालता येत नाही. पावसाळ्यात दोन-दोन महिने एकही दस्त येत नाही, तेव्हा मीही शिकवण्या घेतो.

रोखठोक:
हे आपण पहिल्याच प्रतिसादात सांगितले असते तर बरे झाले असते. भाचीला मी वाणिज्य शाखेतच घालणार आहे. सुटीत तिने मोडी शिकायचे म्हटले, तर सरावासाठी सोप्या वळणाचे, शक्यतो उत्तर पेशवाईतले एखादे पत्र आपण सुचवावे, ही विनंती.